राज्य कोणावर?

"त्याला आपलं एकट्यालाच बरं वाटतं. मित्रबित्र काही लागत नाहीत त्याला." ऑटिस्टिक मुलाच्या आईला हे आजी ऐकवते, शेजारीण ऐकवते, कधी वर्गशिक्षिकाही ऐकवतात. तीच आई डॉक्टरांकडे गेली की बोलणं कधी येईल, शाळा कोणती निवडावी, थेरपी किती दिवस, हे सगळं विचारून घेते आणि उठता उठता म्हणते, "याला कधी मित्र होतील का हो?"

होतात. मात्र त्यासाठी मुलाला घडवायचं आणि बाकीच्यांनी आहे तिथेच राहायचं, अशी वाटणी चालत नाही. मैत्रीत दोन बाजू असतात, आणि बरंचसं काम दुसऱ्या बाजूला करावं लागतं.

१. त्याला मित्र हवे असतात का?

1943 साली अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 11 मुलांबद्दल एक शोधनिबंध लिहिला. या मुलांचं आपल्यातच असणं, माणसांपेक्षा वस्तूंमध्ये रमणं त्यांनी बारकाईने टिपलं होतं. ऑटिझम म्हटलं की आजही लोकांच्या डोळ्यांपुढे तेच चित्र येतं: कोपऱ्यात पाठ करून बसलेलं, चाक फिरवणारं मूल.

ते चित्र खोटं नाही, पण अपुरं आहे. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांचा अभ्यास करून लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गोल्ड यांनी 1979 मध्ये दाखवून दिलं, की ही मुलं माणसांशी निरनिराळ्या तऱ्हांनी वागतात. लॉर्ना विंग स्वतः एका ऑटिस्टिक मुलीची आई होत्या. या दोघींनी सांगितलेल्या तीन तऱ्हा आपल्या सोसायटीच्या आवारात सहज ओळखता येतात. एक मूल मुलांच्या घोळक्याकडे फिरकतच नाही. दुसरं कोणी हात धरून नेलं तर खेळतं, नाही नेलं तर पायरीवर बसून राहतं. तिसरं दिसेल त्याच्या मागे लागतं, ओळख नसलेल्या काकांनाही "तुमच्या गाडीचा नंबर काय?" असं दिवसातून दहादा विचारतं. याला माणसं हवी आहेत, फक्त त्यांच्यापर्यंत पोचण्याची त्याची रीत इतरांना चमत्कारिक वाटते.

तिघांना एकच उपाय लावून भागत नाही. पहिल्याला शेजारी शेजारी बसून खेळण्याची सवय हवी. दोघांचे दोन झोके, दोघांचे मातीचे दोन ढिगारे, बोलण्याची सक्ती नाही. दुसऱ्याला रोज बोलावणारं कोणीतरी हवं. तिसऱ्याला थांबायचं कधी, हे कळायला हवं. 'त्याला काही लागत नाही' म्हणून सोडून दिलं जातं ते बहुधा दुसऱ्या तऱ्हेचं मूल. ते त्रास देत नाही, तक्रार करत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातच येत नाही.

ऑटिस्टिक मुलांना थेट विचारूनही अभ्यास झाले आहेत. इस्रायलमधल्या संशोधक निरित बाउमिंगर आणि अमेरिकेतल्या कॉनी कसारी यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ऑटिस्टिक मुलांनी आपल्याला इतर मुलांहून जास्त एकटं वाटतं असं सांगितलं. खरोखर एकांतप्रिय मुलंही असतातच, आणि शाळेतल्या सहा तासांच्या गोंगाटानंतर तर बहुतेकांना घरी येऊन पडदा ओढून बसायचं असतं. तो एकांत हिरावून घेऊ नये. पण विश्रांतीसाठी एकटं बसणं वेगळं आणि कोणी बोलावत नाही म्हणून एकटं असणं वेगळं.

२. घोडं अडतं कुठे?

लग्न होऊन नव्या घरात आलेल्या सुनेची पहिली सकाळ आठवून पाहा. कुठलं पातेलं दुधाचंच, चहा आधी कोणाला द्यायचा, सासरे पेपर वाचत असताना बोलायचं की नाही, यातलं काही कुठे लिहिलेलं नसतं. घरातल्यांना ते 'नियम' आहेत याचाही पत्ता नसतो. ती चुकली की "हिला एवढंही कळत नाही?" असं नजरेनंच बोललं जातं. तिच्या माहेरच्या रीती या घराला ठाऊक नाहीत, ही गोष्ट मात्र कोणी अज्ञानात धरत नाही.

ऑटिस्टिक मुलाचं खेळाच्या मैदानावर रोज हेच होतं. ब्रिटनमधले डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि समाजशास्त्राचे अभ्यासक आहेत. त्यांनी 2012 मध्ये मांडलं, की समजून घेण्यातली अडचण दुहेरी असते. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचणं अवघड जातं हे खरं, पण इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं मन वाचता येत नाही. दोष एकाच्याच खात्यावर टाकला जातो, कारण दुसरे संख्येने जास्त असतात.

कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये हे तपासून पाहिलं. आपल्याकडच्या कानगोष्टींच्या खेळासारखी माणसांची साखळी करून एक गोष्ट पुढे पुढे सांगायला लावली. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच नीट पोचली, जितकी सगळे ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. मिश्र साखळीत मात्र तपशील जास्त गळाले.

नोआ सॅसन यांच्या गटाचा 2017 मधला अभ्यास तर जिवाला लागतो. ऑटिस्टिक व्यक्तींच्या काही सेकंदांच्या चित्रफिती पाहून लोकांनी "याच्याशी बोलायला मला फारसं आवडणार नाही" असा कौल दिला. त्याच व्यक्तींचं बोलणं नुसतं कागदावर वाचायला दिलं, तेव्हा ऑटिस्टिक आणि इतर यांच्यातला फरक उरला नाही. म्हणजे लोक नाकारत होते ते बोलण्याची ढब, नजर आणि चेहरा. काय बोललं जातंय तिथपर्यंत ते पोचलेच नव्हते.

यातून आई-बाबांसाठी निघणारा धडा अगदी व्यावहारिक आहे. पहिल्या काही सेकंदांत कौल लागतो अशा ठिकाणी, म्हणजे वाढदिवसाच्या पार्टीत किंवा तीस मुलांच्या शिबिरात, मैत्रीची सुरुवात करू नये. जिथे हातात काम आहे, दोघंच आहेत आणि वेळ आहे, तिथे करावी.

३. खेळात शिरायचं कसं?

मोठी माणसं मुलाला सांगतात, "जा, त्यांना सांग, माझं नाव अमुक, मला तुमच्यात खेळायला घ्या." कोणतं मूल असं करतं? लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात एलिझाबेथ लॉगेसन यांनी किशोरवयीनांसाठी 'पीअर्स' नावाचा अभ्यासक्रम तयार केला. त्याचं मुख्य सूत्र हेच आहे: मुलांना काय करावंसं वाटतं किंवा मोठ्यांना काय योग्य वाटतं ते बाजूला ठेवायचं, ज्यांना मित्र आहेत ती मुलं प्रत्यक्षात काय करतात ते पाहायचं आणि तेच शिकवायचं. ती मुलं आधी कडेला उभी राहतात. खेळ कोणता, भिडू किती, हे बघतात. बाहेर गेलेला चेंडू आणून देतात. डाव संपला की मग विचारतात.

आपल्याकडे यात एक पोटनियम आहे: उशिरा आलेल्यावर राज्य. लपाछपी असो की डबा ऐसपैस, "येतोस? मग राज्य घे" एवढ्यावर प्रवेश मिळतो. हे ऑटिस्टिक मुलाला आधी सांगून ठेवलं नाही तर त्याला ती शिक्षा वाटते. सांगून ठेवलं तर ती सोयीची वाट होते, कारण राज्य घेणाऱ्याला काय करायचं ते स्पष्ट असतं. घरी आई-बाबा, आजोबा मिळून दोन-तीन डाव खेळून घ्यावेत. 'धप्पा' अचानक पाठीवर पडतो. ज्याला अनपेक्षित स्पर्श सोसत नाही अशा मुलासाठी बाकीच्यांनी नुसतं ओरडायचं, असं ठरवता येतं. मुलं असे बदल चटकन मान्य करतात. नियम वाकवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

आणि कच्चा लिंबू? लहान भावंडाला खेळात घ्यायचं पण बाद धरायचं नाही, ही आपल्या मुलांनी कोणी न शिकवता काढलेली युक्ती आहे. पहिल्या आठवड्यात ती जरूर वापरावी. पण नऊ वर्षांचा मुलगा वर्षभर कच्चा लिंबूच राहिला, तर तो खेळात असूनही हिशेबात नसतो, आणि हे त्यालाही कळतं. बाद होण्याचा हक्क त्याला मिळाला पाहिजे.

४. एक पाहुणा, पाऊण तास

समजा, ईशान नावाचा नऊ वर्षांचा मुलगा आहे. त्याला मुंबईच्या लोकलचं वेड. वरच्या मजल्यावरचा सार्थक शांत स्वभावाचा, चित्रं काढणारा. त्याला शनिवारी बोलवायचं आहे.

एकालाच बोलवायचं. तिघं जमले की दोघांचं जमतं आणि ईशान बाजूला पडतो. वेळ आधी ठरवायची, पाच ते पावणेसहा, आणि ती ईशानला दिसेल अशी कागदावर लिहायची: पाच वाजता सार्थक येईल, खोक्यांचं स्टेशन बनवायचं, मग खाऊ, मग पावणेसहाला सार्थक घरी. जी खेळणी कोणी हात लावलेली त्याला चालत नाहीत, ती दोघांनी मिळून आधीच कपाटात ठेवायची. म्हणजे "शेअर कर ना रे" हा वाद उद्भवतच नाही. कुकरही चारलाच लावून घ्यावा. शिट्टीने कान झाकून पळणाऱ्या मुलाचा अर्धा तास एका शिट्टीत जातो.

हातात काम असावं, आणि त्या कामात प्रत्येकाचा वाटा ठरलेला असावा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल लेगॉफ यांनी 2004 मध्ये लेगोच्या ठोकळ्यांवर आधारलेली एक पद्धत प्रसिद्ध केली. एकाने नकाशा वाचून सांगायचा, दुसऱ्याने लागतील ते ठोकळे शोधायचे, तिसऱ्याने जोडायचे. मग कामं बदलायची. एकमेकांशी बोलल्याशिवाय काम पुढे जातच नाही. आपल्याकडे यासाठी दिवाळीच्या किल्ल्यासारखी दुसरी संधी नाही. माती कालवणं, पोती लावणं, पायऱ्या कोरणं, मोहरी-अळीव पेरून रोज पाणी घालणं, मावळे कुठे ठेवायचे ते ठरवणं: कामं वेगळी, किल्ला एक, आणि चार-पाच दिवस तीच मुलं त्याच जागी. शिवाजी महाराजांच्या गडांची उंची पाठ असलेला मुलगा इथे एकाएकी महत्त्वाचा होतो. ओल्या मातीचा स्पर्श नको वाटत असेल तर त्याच्याकडे नकाशा द्यावा. फटाके सुरू व्हायच्या आत, सकाळी काम उरकावं.

आता ईशान आणि सार्थक खोक्यांचं स्टेशन बनवतायत.

ईशान म्हणतो, "कल्याणनंतर शहाड, आंबिवली, टिटवाळा..."

"माझा मामा टिटवाळ्याला राहतो," सार्थक म्हणतो.

"...खडवली, वाशिंद, आसनगाव."

ईशानने ऐकलं नाही असं नाही. यादी अर्धी सोडणं त्याला जमत नाही, एवढंच. इथे आईने "अरे, तो काहीतरी बोलतोय ना!" असं सार्थकसमोर म्हटलं की ईशान चुकीचा ठरतो आणि सार्थक अवघडतो. त्यापेक्षा आदल्या दिवशी एक बारीक नियम ठरवावा: यादी संपली की सार्थकच्या बोलण्यातला एक शब्द उचलायचा आणि त्याच्यावर प्रश्न विचारायचा. "मामाकडे तू कुठल्या गाडीने जातोस?" हा प्रश्न ईशानला मनापासून विचारावासा वाटेल, कारण त्यातही गाडी आहे. लोकलचा विषय बंद करून 'नॉर्मल' गप्पा शिकवायला गेलात, तर त्याच्याकडे बोलण्यासारखं काही उरणारच नाही.

नजरेला नजर द्यायची सक्तीही नको. पुष्कळ ऑटिस्टिक माणसं सांगतात, की डोळ्यांत पाहायचं आणि ऐकायचंही, ही दोन्ही कामं त्यांना एका वेळी झेपत नाहीत. खोक्याकडे पाहत ऐकलेलंही ऐकलेलंच असतं.

सार्थकशीही बोलावं लागतं. ईशानला विचारून, त्याच्या परवानगीने, इतकं सांगितलं तरी पुरतं: "ईशान ऑटिस्टिक आहे. मोठ्या आवाजाचा त्याला त्रास होतो. काही विचारलंस की उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा जरा थांब. आणि लोकलचा कंटाळा आला तर सरळ सांग, आता दुसरं खेळू या. त्याला वाईट वाटणार नाही." शेवटची सूचना सगळ्यात उपयोगी. आपण मुलांना आडून बोलण्याचं वळण लावतो; जांभई देणं, इकडेतिकडे बघणं. ईशानला सूचक बोलणं कळत नाही, सरळ बोलणं कळतं.

पावणेसहाला, खेळ रंगात असतानाच, थांबवावं. आणखी अर्धा तास ताणून शेवटी रडारड झाली, तर दोघांच्याही लक्षात रडणंच राहतं.

५. मधली सुट्टी

शाळेतला सगळ्यात अवघड तास मधल्या सुट्टीचा. वर्गात वेळापत्रक असतं, बाई असतात. डबा खाऊन झाल्यावरच्या वीस मिनिटांत काय करायचं ते कोणीच ठरवून दिलेलं नसतं.

कॉनी कसारी यांच्या गटाने नेहमीच्या शाळांत शिकणारी 6 ते 11 वयाची 60 ऑटिस्टिक मुलं घेऊन एक प्रयोग केला. तो 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना स्वतःला मोठ्या माणसाने कौशल्यं शिकवली. काहींच्या बाबतीत वर्गमित्रांना शिकवलं, की मैदानावर एकटं पडलेलं मूल कसं ओळखायचं आणि त्याला खेळात कसं ओढायचं. वर्गमित्रांना शिकवलेल्या गटात मुलांचं एकटं पडणं कमी झालं आणि वर्गातल्या मैत्रीच्या जाळ्यात त्यांना जास्त जागा मिळाली. तरीही आपल्याकडे पालकांचे पैसे आणि दुपार मुलाला एका खोलीत मोठ्या माणसासमोर बसवून "हॅलो कसं म्हणायचं" हे गिरवून घेण्यात जातात. हे शिक्षण वाया जात नाही, पण ते एकटं पुरत नाही.

शाळेकडे मागताना नेमकं मागावं. दोन-तीन समजूतदार मुलांना आळीपाळीने जोडीदार नेमणं (एकावरच भार टाकला की तो मित्र न राहता मदतनीस होतो), सुट्टीत कॅरम किंवा ग्रंथालय उघडं ठेवणं, आणि मुलासोबत राहणाऱ्या शॅडो टीचर असतील तर सुट्टीत त्यांनी चार पावलं मागे राहणं. मोठं माणूस चिकटून असलेल्या मुलाजवळ मुलं येत नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे आणि मुलांना इतरांच्या बरोबरीने शिकता यावं अशा सोयी करणं शाळांवर बंधनकारक आहे. त्यामुळे हे मागताना उपकार मागितल्यासारखा आवाज काढायचं कारण नाही.

६. हरणं, भांडणं, कट्टी

मैत्री जुळण्यापेक्षा टिकणं कठीण. ती तुटते बहुधा हरण्यावरून, नियम मोडण्यावरून आणि कट्टीवरून.

अमेरिकेतल्या शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला छोट्या 'सोशल स्टोरी' लिहायची पद्धत आणली. मुलाच्या आयुष्यातला एक प्रसंग त्याच्याच बाजूने, सोप्या वाक्यांत लिहायचा. उपदेश कमी, वर्णन जास्त. उदाहरणार्थ:

"मी आणि सार्थक कॅरम खेळतो. एक जण जिंकतो, एक जण हरतो. कधी मी हरतो, कधी सार्थक. हरलो की मला राग येतो. राग येणं चालतं. मी सोंगट्या उधळल्या तर सार्थकला पुन्हा खेळावंसं वाटत नाही. राग आला की मी पाणी प्यायला जाऊ शकतो. मग आम्ही पुन्हा सोंगट्या लावतो."

ही गोष्ट खेळायच्या आधी, शांतपणे वाचायची. भांडण चालू असताना वाचली तर ती धमकी होते.

कट्टीचं आणखी वेगळं. सार्थकने अंगठा दाखवून "कट्टी!" म्हटलं, की ईशानच्या लेखी मैत्री संपली. तो दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे बघतही नाही, आणि कालचं विसरून आलेला सार्थक चक्रावतो. म्हणून स्पष्ट सांगावं लागतं: कट्टी बहुतेक वेळा एका दिवसाची असते, दुसऱ्या दिवशी कोणीही आधी बोललं तरी बट्टी होते. बोलायचं काय, तेही ठरवून द्यावं. "काल मी ओरडलो. आज कॅरम खेळू या?" मोठ्यांना हवी असते तशी सविस्तर माफी मुलं एकमेकांकडून मागतही नाहीत.

आणि एक गोष्ट, जी फारसं कोणी बोलत नाही. नऊ वर्षांच्या मुलांची मैत्री दोन घरांच्या सोयीवर चालते. शनिवारचे पाच ठरलेले असले आणि कॅलेंडरवर मांडलेले असले, तर ती चालते. "बघू, भेटू कधीतरी" म्हटलं की महिना जातो. सार्थकच्या आईशी तुमचं बरं जमणं, हाही या कामाचाच भाग आहे.

७. खोटे मित्र

"जा, बाईंच्या टेबलावरचा खडू घेऊन ये, मग तू आमच्या ग्रुपमध्ये." मित्रासाठी आसुसलेलं मूल हे करतं आणि सापडतंही तेच. ऑटिस्टिक मुलांना छळ जास्त सोसावा लागतो, आणि त्यातला बराच छळ मैत्रीच्या नावाखाली चालतो. "वाईट मुलांपासून लांब राहा" हे फार मोघम झालं. मुलाला पडताळता येतील असे प्रश्न द्यावेत. मला ओरडा बसला तेव्हा तो हसला का? ते काम तो स्वतः करेल का? मी नाही म्हटलं तर उद्या माझ्याशी बोलेल का?

८. मुलीचं वेगळं, मोठेपणीचं वेगळं

मुलींमध्ये ऑटिझम बऱ्याचदा उशिरा लक्षात येतो. एक कारण असं, की पुष्कळ मुली दुसऱ्या मुलींचं हसणं, बोलणं, केस उडवणं हुबेहूब उचलतात आणि वर्गात खपून जातात. मग घरी येऊन दप्तर भिरकावतात, तासभर रडतात. शाळेतून "एकदम गुणी" असा शेरा आणि घरी रोज संध्याकाळी स्फोट, असं असेल तर मुलगी दिवसभर नाटक वठवत असावी अशी शंका घ्यावी. मित्र मिळवण्याच्या शिकवणीतून आपण हेच नाटक पक्कं करत नाही ना, हेही पाहावं. जिच्यासोबत नाटक करावं लागत नाही अशी एकच मैत्रीण असली, तरी आईने वर्गातल्या चौकडीची हाव धरू नये.

आठवी-नववीनंतर मैदान ओस पडतं आणि मैत्री गप्पांवर चालू लागते. लहानपणचा सार्थक क्लासमध्ये अडकतो, कधी नव्या टोळीसमोर ओळख दाखवायला बिचकतो. हे दुखतं. इथून पुढे समान आवडीची ठिकाणं शोधावीत: बुद्धिबळाचा क्लब, रोबोटिक्सचा वर्ग, पक्षिनिरीक्षणाचा गट. इतर ऑटिस्टिक मुलांशी ओळख करून द्यायला पालक कचरतात, "त्यात राहून आणखी तसाच होईल" म्हणून. क्रॉम्प्टन यांच्या साखळ्या आठवाव्यात. स्वतःला सतत उलगडून सांगावं लागत नाही अशी सोबत त्याला कदाचित तिथेच मिळेल.

या वयात व्हॉट्सॲपही येतं आणि त्याचेही न सांगितलेले नियम असतात. उत्तर आलं नाही म्हणून ईशान एका संध्याकाळी चाळीस मेसेज पाठवू शकतो. तेव्हा नियम आकड्यांत सांगावा, म्हणजे त्याला तो पाळता येतो: दोन मेसेज पाठवले आणि उत्तर आलं नाही, तर तिसरा पाठवायचा नाही. दोन निळ्या खुणा दिसल्या, म्हणजे मेसेज वाचला पण उत्तर दिलं नाही, म्हणून मित्र रागावला असं नाही. जेवत असेल, क्लासला असेल, किंवा काय लिहावं ते त्यालाही सुचत नसेल. शनिवारी भेटला की विचारायचं.